चाळीस घरांची वही आणि आपली उधारीची वही

कापडाच्या धंद्यात माणूस ओळखावा लागतो, असे आमचे वालिद नेहमी म्हणत. ताका मोजून फाडणे कोणालाही जमते. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला किती दिवसांची उधारी द्यायची, हे ज्याला जमले तो दुकानदार. वालिदांना ते जमत होते. आम्ही मात्र एकदा फार वाईट चुकलो. ती चूक सांगूनच हा लेख सुरू करणे योग्य ठरेल.

गोष्ट २०१६ सालची आहे. आदल्या वर्षी सोलापूर जिल्ह्यात कडक दुष्काळ पडला होता. नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि बाजार थंड झाला. त्याच दिवसांत मोहोळकडील एका खेड्यातले जुने गिऱ्हाईक मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आले. आम्ही वही उघडली. दोन वर्षांची बाकी तशीच होती, एक रुपयाही जमा नव्हता. आम्ही म्हणालो, "काका, मागचे थोडे तरी जमा करा, मग पुढचे बघू." ते "बरं, भाई" एवढेच म्हणाले. चहा अर्धा टाकून उठले आणि गेले.

२०१८ मध्ये त्यांच्या पुतण्याने ती सगळी बाकी आणून दिली. काका मात्र पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. पुढे दुकानाला रंग द्यायचा म्हणून माळ्यावरची पेटी खाली काढली, तेव्हा वालिदांच्या जुन्या खतावण्या हाती लागल्या. आमची तालीम उर्दू शाळेत झाली, त्यामुळे वालिदांची ती उर्दू लिखावट आम्हाला सहज वाचता येते. त्यात त्याच घराचे खाते निघाले. १९७२ च्या दुष्काळात बाकी थकली, १९७५ पर्यंत चुकती. २००३ मध्ये पुन्हा थकली, २००५ मध्ये पुन्हा चुकती. म्हणजे मोठा दुष्काळ आला की हे घर दोन-तीन वर्षे मागे पडते आणि मग पै न पै फेडते. हे सर्व आमच्याच माळ्यावर लिहून ठेवलेले होते. आम्ही फक्त शेवटचे पान पाहिले आणि तीन पिढ्यांचे घर गमावले.

मोजणी वेगळी, वही वेगळी

वाचकहो, ही केवळ दुकानदारीची गोष्ट नाही. देशाचा हिशोबही याच दोन प्रकारांनी मांडला जातो. एक प्रकार म्हणजे एकदाच जाऊन केलेली मोजणी. यंदा काही हजार घरे निवडली, त्यांची कमाई व खर्च विचारला आणि गरीब किती, बेकार किती ते सांगितले. पाच वर्षांनी पुन्हा मोजणी झाली, पण घरे दुसरी. यातून गरिबी २० टक्के होती, आता १५ टक्के झाली, एवढे कळते. पण कोणती घरे वर आली, कोणती नव्याने खाली गेली आणि कशामुळे, हे मात्र कळत नाही. दुकानातल्या मालाची दिवाळीला शिरगणती करावी, तसेच हे आहे. माल किती आहे ते समजते, गिऱ्हाईक कसे आहे ते समजत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे तीच घरे धरून ठेवायची आणि वर्षानुवर्षे त्यांच्याच दारात जायचे. याला संशोधक पॅनेल पाहणी म्हणतात. नाव इंग्रजी असले तरी काम खतावणीचेच आहे. एका घराला एक पान द्यायचे आणि त्या पानावर साल-दरसालची जमा आणि नावे लिहीत जायचे.

आपल्या समाजासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. त्यात देशातील मुसलमान कामकऱ्यांपैकी ६१ टक्के लोक स्वतःचा धंदा किंवा कारागिरी करणारे आहेत असे दिसले. धंदेवाल्याची कमाई पगारासारखी सरळ रेषेत येत नाही. सीझनला येते, मंदीत जाते, यंत्रमागाची वीज गेली की थांबते. अशा घराकडे एकाच महिन्यात जाऊन विचारले तर मिळणारे उत्तर त्या महिन्याचे असते, त्या घराचे नसते.

आपल्याच जिल्ह्यातली चाळीस घरे

या कामाचा जगभर गाजलेला एक नमुना आपल्या सोलापूरच्या शेजारीच तयार झाला, हे आमच्या बऱ्याच व्यापारी बंधूंना ठाऊक नसेल. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्था आहे. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग अशा कोरडवाहू पिकांवर ती काम करते. बियाणे सुधारायचे तर ते पेरणारा शेतकरी कसा जगतो, हे आधी कळले पाहिजे, म्हणून १९७५ मध्ये तिने सहा गावे निवडली. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातील कंझरा आणि किनखेडा, आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील, आज तेलंगणात असलेल्या महबूबनगर भागातील औरेपल्ले आणि डोकूर.

प्रत्येक गावात ४० घरे घेतली. त्यांत १० भूमिहीन मजुरांची, १० लहान शेतकऱ्यांची, १० मध्यम आणि १० मोठ्या शेतकऱ्यांची. सहा गावांची मिळून २४० घरे झाली. आकडा लहान वाटेल, पण काम पाहा. प्रत्येक गावात एक शिकलेला तरुण मुक्कामाला ठेवला. तो खेड्यातलाच असावा आणि त्याला गावची बोली यावी, अशी अट होती. दर तीन-चार आठवड्यांनी तो प्रत्येक घरी जाई. कोणत्या रानात काय पेरले, मजुरीचे किती दिवस भरले, किती आणि कोणाकडून उसने घेतले, बैल विकला का, धान्य किती उरले, हे सारे लिहून घेई. त्यांपैकी काही गावांत हे काम दहा वर्षे सतत चालले. मध्यंतरी काही वर्षे ते थांबले. २००१ नंतर त्याच गावांत पुन्हा सुरू झाले आणि २००९ पासून आणखी गावे त्यात घेतली गेली.

शिरापूर-कळमणची जमीन काळी आणि भारी. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी घ्यायची, हा तिथला जुना रिवाज. परतीचा पाऊस चुकला की वर्ष चुकले. अशा ठिकाणी घर तगते कसे, हाच खरा प्रश्न होता. त्या वह्यांतून जी उत्तरे निघाली, ती आम्हा दुकानदारांनी डोळे उघडून वाचावीत अशी आहेत.

पहिले उत्तर असे. रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने औरेपल्ले, शिरापूर आणि कंझरा या तीन गावांच्या वह्या तपासून १९९४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात दिसले की एकेका घराची कमाई दरवर्षी फार वर-खाली होते, पण त्या घराचा खाण्यापिण्याचा खर्च तेवढा हलत नाही. तो बराचसा साऱ्या गावाच्या सरासरीबरोबर चालतो. म्हणजे एकाचे साल वाईट गेले तरी नातेवाईक, शेजारी, उसनवारी, साठवलेले धान्य यांच्या आधाराने चूल पेटत राहते. मात्र हा आधार सर्वांना सारखा मिळत नाही. भूमिहीन मजुरांचे घर त्यात मागे राहते. ज्याच्याजवळ काही आहे त्याला जग उसने देते. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला आमच्यासारखे दुकानदार "आधी मागचे जमा करा" म्हणतात.

दुसरे उत्तर बैलांचे. याच वह्यांवरून रोझेनझ्वाइग आणि वोल्पिन या दोघांनी १९९३ मध्ये दाखवले की वाईट वर्षी शेतकरी बैल विकून घर चालवतो. त्याने चूल वाचते, पण पुढच्या पेरणीला हातात अवजार राहत नाही. कर्ज वेळेवर आणि सोपे मिळाले असते, तर बैल विकावा लागला नसता. आमच्या कारागीर बंधूंनी इथे बैलाच्या जागी माग किंवा शिलाई मशीन ठेवून पाहावे. मंदीत मशीन विकून चार महिने निघतात, आणि सीझन आला की तोच माणूस दुसऱ्याच्या मशीनवर रोजंदारीने बसतो.

तिसरे उत्तर घरातल्या बायकांच्या तोंडून तुम्ही ऐकलेले असेल, पण ते आकड्यांत १९८९ मध्ये आले. रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांनी पाहिले की या गावांतल्या मुली बऱ्याचदा दूरच्या गावी, पण नात्यागोत्यात दिल्या जातात. पाऊस सगळीकडे एकाच वेळी चुकत नाही. इकडे दुष्काळ असेल तर तिकडच्या सोयऱ्यांकडे दाणे असतात. अशी सोयरीक असलेल्या घरांचा अन्नखर्च वाईट वर्षीही कमी डगमगतो. एकदाच येऊन गेलेल्या पाहणीवाल्याला हे कधीच दिसले नसते. कारण त्याच्या कागदावर लेक सासरी गेली म्हणजे घरातले एक माणूस कमी झाले, एवढेच लिहिले जाते.

आकडा घटला, माणूस उठला

ही पाहणी उभी करण्यात ज्यांचा मोठा हात होता, त्या एन. एस. जोधा यांचे आणखी एक काम सांगितले पाहिजे. राजस्थानातील दोन गावांत ते १९६३ ते १९६६ दरम्यान गेले होते. १९८२ ते १९८४ मध्ये पुन्हा त्याच घरी गेले. काही घरांची माणशी कमाई पाच टक्क्यांहून अधिक घटलेली निघाली. हिशोबाने ती घरे अधिक गरीब झाली होती. पण त्यांनी त्याच लोकांना विचारले, तुमच्या मते बरे दिवस म्हणजे काय? लोकांनी सांगितले: सावकाराच्या किंवा जमीनदाराच्या दारात बांधून राहावे लागत नाही, पायात जोडे आहेत, जनावरांबरोबर एकाच छपराखाली झोपावे लागत नाही. या मापांनी पाहता ती घरे आधीपेक्षा बऱ्या स्थितीत होती.

यावरून कमाईचा आकडा खोटा आहे, असे म्हणायचे नाही. त्याच दारात पुन्हा गेल्यावर आकड्याशेजारी माणूसही दिसतो, एवढेच सांगायचे आहे. आमच्या ओळखीचे एक वृद्ध विणकर म्हणत की मालकाच्या मागावर होतो तेव्हा दोन पैसे जास्त होते, पण उचल कधी फिटली नाही. आता स्वतःचा एकच माग आहे, पैसे कमी आहेत, पण झोप आपली आहे.

गरीब तेच राहतात का?

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९६८ मध्ये सुमारे ४,८०० कुटुंबे धरून अशीच वही सुरू केली आणि ती आजही चालू आहे. मुले मोठी होऊन वेगळी झाली की त्यांचेही पान उघडले जाते. १९८४ मध्ये ग्रेग डंकन यांनी तिचा दहा वर्षांचा हिशोब मांडला. त्यात दहा वर्षांत किमान एकदा गरिबीत गेलेले लोक सुमारे २४ टक्के निघाले, पण त्यांपैकी आठ किंवा अधिक वर्षे गरीब राहिलेले लोक एकूण लोकसंख्येच्या ३ टक्क्यांहूनही कमी होते. गरीब म्हणजे एक कायमची वेगळी जात, हा तिथल्या लोकांचा समज या वहीने मोडला.

आपल्या देशात दिल्लीच्या एनसीएईआर या संस्थेने मेरीलँड विद्यापीठाबरोबर २००४-०५ मध्ये ४१,५५४ घरांची पाहणी केली. २०११-१२ मध्ये त्यातली ८३ टक्के घरे पुन्हा गाठली आणि २०२२ ते २०२४ मध्ये तिसरी फेरी केली. या तिसऱ्या फेरीवरून २०२४ मध्ये मांडलेल्या हिशोबात गरिबी २१.२ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आलेली दिसली. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या ८.५ पैकी जन्मापासूनच गरीब असलेले ३.२ होते आणि आयुष्यातल्या एखाद्या आघाताने गरिबीत पडलेले ५.३. म्हणजे आज जो गरीब आहे, तो काल बहुधा गरीब नव्हता. आजारपण, कमावत्याचा मृत्यू, बुडालेला धंदा, असे काही तरी मध्ये घडले. मदतीच्या योजना जुन्या यादीवर चालतात आणि घर मात्र या वर्षी पडलेले असते.

लॉकडाऊनचे पान

२०२० चे पान आपल्या सर्वांच्या घरात लिहिलेले आहे. सीएमआयई ही मुंबईची संस्था २०१४ पासून देशभरातील घरांकडे वर्षातून तीनदा जाते. तिच्या आकड्यांप्रमाणे एप्रिल २०२० मध्ये सुमारे १२ कोटी लोकांचे काम गेले आणि त्यांत ९ कोटींहून अधिक छोटे व्यापारी आणि रोजंदारीचे मजूर होते.

पुढे काय झाले, हे त्याच घरांकडे पुन्हा गेल्यामुळे कळले. अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२१ मध्ये या वह्यांवरून अहवाल काढला. २०१९ च्या अखेरीस पक्क्या पगारावर असलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक वर्षभरात कच्च्या कामात गेले होते. त्यातही फरक होता. उच्च जातींतले आणि हिंदू कामगार स्वतःच्या धंद्याकडे वळण्याची शक्यता अधिक होती. मागास जातींतले आणि मुसलमान कामगार मात्र रोजंदारीकडे गेले. आमच्या मते याचे कारण साधे आहे. हातगाडी लावायलाही चार पैशांची पुंजी लागते. ती ज्याच्याजवळ नव्हती, तो दुसऱ्याच्या दारात मजुरीला उभा राहिला.

अर्थात वहीलाही दोष असतात. या पाहणीत अगदी गरीब घरे कमी सापडतात, अशी टीका ज्याँ द्रेझ आणि अनमोल सोमंची यांनी २०२१ मध्ये केली. घर बदलून गेलेला भाडेकरू, वाटणी होऊन वेगळा झालेला भाऊ, परगावी गेलेला कारागीर, हे हातून निसटतात. आणि बहुधा ज्याची हालत सर्वांत जास्त बदलली, तोच निसटतो. दुकानातही असेच होते. जो गिऱ्हाईक येणे थांबवतो, त्याचीच खबर घ्यायला हवी असते.

दारावर येणाऱ्याला काय सांगावे

आता कामाची गोष्ट. सरकारची श्रमबल पाहणी २०१७ पासून शहरांत निवडलेल्या घरी चार वेळा जात होती. जानेवारी २०२५ पासून खेड्यांतही तसेच होते. उद्या तुमच्या दारात कोणी वही किंवा टॅब घेऊन आला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आला, तर रागावू नका. पुन्हा येणे हेच त्याचे काम आहे.

आम्ही स्वतः याबाबत दोषी आहोत. काही वर्षांपूर्वी एक पाहणीवाला आमच्या घरी आला. कर वाढेल या भीतीने आम्ही कमाई कमी सांगितली आणि खर्च "काही लक्षात नाही" म्हणून टाळला. पुढच्या वेळी आम्ही दुकानात होतो आणि घरातल्यांनी खरे सांगितले. त्या बिचाऱ्याच्या कागदावर आमची कमाई काही महिन्यांत दुप्पट झाली असणार. आम्हाला हसू आले, पण नंतर विचार केला की अशा शंभर घरांनी असेच केले, तर आपल्या पेठेची भरभराट झाली असे सरकारला वाटेल.

२०२० च्या सुरुवातीला नागरिकत्वाच्या वादामुळे मोहल्ल्यांत भीती होती आणि काही राज्यांत नमुना पाहणीच्या लोकांनाही दारातून परत पाठवले गेले. भीती समजण्यासारखी होती. त्यासाठी आलेल्याचे ओळखपत्र अवश्य पाहावे आणि पाहणी कसली, कोणत्या खात्याची, हे विचारावे. तो आपला हक्क आहे. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याखाली घेतलेली माहिती केवळ आकडेवारीसाठी वापरता येते. पण खात्री पटल्यावर दार बंद ठेवले, तर नुकसान आपलेच होते. जे घर वहीत नाही, त्याची मंदी दिल्लीपर्यंत कधीच पोहोचत नाही.

आणखी एक सूचना. मोहल्ल्याच्या कमिट्या दरवर्षी मदतीच्या याद्या नव्याने करतात. शिलाई मशीन दिले, फी भरली, औषधाला पैसे दिले, फोटो काढला आणि यादी संपली. गेल्या वर्षी मशीन दिलेल्या घरात ते मशीन आज चालू आहे का, हे विचारायला सहसा कोणी जात नाही. एक साधी वही करावी. एका घराला एक पान, आणि दर सहा महिन्यांनी त्याच दारात एक फेरी. यासाठी परदेशी पंडितांची गरज नाही. दहावी-बारावी झालेली आपली मुले-मुली हे काम करू शकतात. शिरापुरातही गावात मुक्काम करणारा एक शिकलेला तरुणच ते करीत होता. फक्त एका घराचे दुसऱ्या घरात सांगू नये. ही अमानत आहे.

आमच्या दुकानात आता संगणक आहे. थकबाकीची यादी एका बटणावर निघते. तरीही कोणाची उधारी बंद करायची वेळ आली की आम्ही मुलाला माळ्यावर पाठवून वालिदांची खतावणी खाली आणायला सांगतो. मुलाला उर्दू वाचता येत नाही, म्हणून पान आम्हीच वाचून दाखवतो. मोहोळकडच्या त्या घराचे पान अजून कोरे चालले आहे. यंदा रमजाननंतर स्वतः जाऊन काकांना भेटावे, असे मनात आहे.